शालनच्या नावाचं पान

१९७९ साल. गणपती नदीत गेले होते, कृष्णेचं पाणी अजून गढूळ होतं, आणि केरबा घाडगे आमच्या ठाण्याच्या दारात भिंतीला टेकून उकिडवे बसले होते.

"केरबा, बाकावर बसा की."

"बाक फौजदारास्नी. मी हितं बरा हाय."

"फौजदार मी आहे आणि मी खुर्चीत बसलेय. बाक रिकामाच आहे."

"आसूद्या, बाई. काय कळलं का?"

दर बाजारच्या दिवशी ते पैलतीरावरून नावेनं यायचे. बरोबर कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी वांगी. बाजार उरकला की रिकामी पाटी घेऊन ठाण्यात. "काय कळलं का?" एवढाच प्रश्न. नाही म्हटलं की मान हलवून उठायचे. शालन ही त्यांची थोरली मुलगी. आमच्याच हद्दीतल्या एका गावात नलवड्यांच्या घरी दिलेली. आदल्या वर्षीच्या चैत्रात, गावच्या जत्रेच्या शेवटच्या रात्री, ती घरातून नाहीशी झाली होती. पदरात तीन वर्षांची मुलगी टाकून.

गावात एकच बोलणं होतं. जत्रेला तंबूतला सिनेमा आला होता. मशीन चालवणारा तरुण होता, देखणा होता, बायकांशी हसून बोलायचा. तंबू हलला त्याच रात्री शालनही गेली. नवरा हिंदुराव नलवडे स्वतः ठाण्यात येऊन सांगून गेला होता, "साहेब, बायको पळाली. मला तोंड दाखवायला जागा न्हाई." आमचे इन्स्पेक्टर वाघचौरे यांनी तेव्हा विहीर उपसली, नदीकाठ पालथा घातला, घर पाहिलं. काही मिळालं नाही. मग तेही म्हणाले, पळाली.

मी त्या ठाण्यात नंतर बदलून आले. बायका फौजदार तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. खाकी साडी नेसून रस्त्यानं निघाले की पोरं मागे यायची. पुढे मी गुन्हे शाखेत बरीच वर्षं काढली, नुसते खुनाचेच तपास केले, उपअधीक्षक होऊन निवृत्त झाले. अजून कुणी घरी आलं की विचारतं, "आजी, तुमची सगळ्यांत अवघड केस कुठली?" त्यांना चाकू, पिस्तूल, बोटांचे ठसे ऐकायचे असतात. मी त्यातली एखादी सांगते. शालनची सांगत नाही.

तर त्या दिवशी केरबांना सांगायला माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी होतं.

"केरबा, तो सिनेमावाला सापडला."

ते ताडकन उभे राहिले. "कुटं?"

"अथणीला. मी स्वतः जाऊन आले. बायको आहे, दोन मुलं आहेत. तंबूचा धंदा सोडून सायकलचं दुकान काढलंय. शालनला त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं. मालकाला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं. तो खरं बोलतोय."

मला वाटलं होतं त्यांचा चेहरा उजळेल. दीड वर्ष हा माणूस ज्याला त्याला सांगत होता, माझी लेक तसली न्हाई. तिच्यापायी धाकट्या मंगलचं लग्न अडलं होतं. आलेली दोन स्थळं थोरलीचं ऐकून परत गेली होती. आता निदान तोंड वर करून बोलता आलं असतं.

ते पुन्हा खाली बसले. दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासत राहिले.

"म्हंजी त्येच्यासंगं न्हाई."

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग दुसऱ्या कुनासंगं..."

"केरबा! तुम्हीच म्हणता ना, माझी मुलगी तसली नाही?"

"व्हय. म्हनतो की." त्यांनी पाटी उचलली. "म्हनतोच की, बाई." आणि ते निघून गेले.

वाघचौरे साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते पान लावत होते. मोठ्या अनुभवाचे माणूस. खून झालेल्या घरात शिरले की वासावरून सांगतात, असं शिपाई म्हणायचे.

"साळोखेबाई, हा नसेल तर दुसरा असेल. गाव जत्रेचं होतं. पाळणेवाले होते, भांडीवाले होते. एकेकाचं बिऱ्हाड शोधत कर्नाटकभर फिरणार का?"

"फिरावं लागणार नाही, सर. मला नलवड्यांच्या घरी एकदा जायचंय."

"जा. पण जीप मिळणार नाही. बाबरला घेऊन जा आणि दुपारच्या गाडीनं परत या. आणि हो, तिथं चहा-पाणी घेऊ नका. ज्याच्या घरचं खाल्लं त्याला उलटा प्रश्न विचारता येत नाही. हे मी तुम्हाला फुकट शिकवतोय."

बाबर हवालदार त्या भागातलेच, पोट सुटलेले, बोलके. एसटीतून उतरून आम्ही चालत नलवड्यांच्या घराकडे निघालो. घरामागे मोठं मोकळं आवार होतं आणि त्यात जमिनीवर मातीचे गोल उंचवटे, पोळपाटासारखे लिंपलेले.

"पेवं ही, बाई," बाबर म्हणाले. "हळदीची. खाली दोन पुरुस खोल खड्डा, तोंड एवढंसं, पोट ह्ये मोठं. हळद भरायची आन तोंड लिंपून टाकायचं. वर्सानुवर्सं किडत न्हाई. व्यापारी भाड्यानं घेत्यात. नलवड्याच्या सात पिढ्या ह्यावरच जेवल्या."

"आतली हळद बघायची म्हटली तर?"

"सौदा ठरल्याबिगर फोडत न्हाईत. वारं लागलं की माल खराब. व्यापारी जीव घेईल."

दारात हिंदुरावची आई उभी होती. गोजराबाई. कपाळ मोकळं, पदर डोक्यावर, अंगानं काटकुळी. मी आधीही दोनदा येऊन गेले होते. दोन्ही वेळा ती चुलीपाशी पाठ करून बसली होती आणि हिंदुरावच बोलला होता.

"हिंदुराव आहेत का, मावशी?"

"सौद्याला गेलाय सांगलीला. दिस मावळता येतोय."

आज मात्र ती आत गेली नाही. माझ्याकडे बघत राहिली. आधी कपाळाकडे, मग हातातल्या बांगड्यांकडे.

"बाई, मालक काय करत्यात तुमचं?"

"कराडला मास्तर आहेत."

"बरं हाईत न्हवं?"

"बरे आहेत."

"सासू-सासरं? ल्येकरं?"

"मावशी, चौकशीला मी आलेय. तुम्हीच माझी उलटतपासणी करताय."

बाबर मोठ्यानं हसले. ती हसली नाही. "आज हितं जेवा," म्हणाली.

"नको. आम्ही डबे आणलेत."

"डबा कुत्र्याला घाला. दोन डाव आला, पान्यालाबी न्हाई म्हनलासा. आज न्हाई म्हनू नगा." आणि तिनं, माझ्या आईच्या वयाच्या बाईनं, मला हात जोडले.

मला साहेबांचं बोलणं आठवलं. पण मुलगा घरात नव्हता, आणि ही बाई पहिल्यांदाच तोंड उघडत होती. चुलीपाशी बसलं की बायका बोलतात, हे मला ठाण्यात कुणी शिकवलं नव्हतं; ते मी घरात शिकले होते. मी चपला काढल्या.

"आन मला न्हाई का आवतन?" बाबर ओसरीवरून म्हणाले.

"तुमाला मागनं वाढीन, दादा. आदी बाईस्नी."

"बघा बाई, खाकी दोघांची आन मान एकालाच."

तिनं मला परड्यात नेलं. दगडावर उभं केलं आणि तांब्यानं माझ्या पायांवर पाणी घातलं. मी पाय मागे घेतले तर तिनं घोटा धरला. पाय पदरानं पुसले, त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. मला अवघडल्यासारखं झालं. फौजदार म्हणून लोक घाबरून फार काय काय करतात; मला वाटलं, हेही त्यातलंच. गावाकडे कुठल्या ना कुठल्या सणाला सवाष्ण जेवू घालायचा नेम असतोच, असंही वाटून गेलं. नोकरीत तिथ्या विसरायला होतात. वार तेवढा ध्यानात राहतो, तोही साप्ताहिक सुट्टीमुळे.

आत पाट मांडला होता. समोर केळीचं पान, भोवती रांगोळी. दाराच्या चौकटीला धरून एक लहान मुलगी उभी होती. शालनची वनिता. माझ्या पट्ट्याकडे टक लावून बघत होती.

"आज्जे, ही कोन?"

"पोलीस हाय, बाळ."

मुलगी जरा पुढे आली. "आईला आनलं?"

गोजराबाईच्या हातातली पळी भांड्याला लागून वाजली. "जा, भाईर हवालदारमामाजवळ बस जा," ती म्हणाली. मुलगी गेली.

ती वाढू लागली. भात, कढी. गवारीची भाजी, कारल्याची भाजी. आमसुलाची चटणी. मग उडदाचे वडे, आणि वाटीत तांदळाची खीर. मी वड्याचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला, तोंडात घातला. तो घास तोंडात असतानाच मला कोल्हापूरचं आमचं स्वयंपाकघर दिसलं.

माझी आई मी शाळेत असताना गेली. वडील हयात असताना, कपाळाला कुंकू घेऊन. नवरा मागे असताना जी बाई जाते तिची आठवण भाद्रपदातल्या वद्य नवमीला करतात, पितरांच्या पंधरवड्यात. त्या दिवशी एक सवाष्ण बोलवायची, तिचे पाय धुवायचे, तिला पोटभर जेवू घालायचं, साडीचोळी देऊन ओटी भरायची. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. आमच्या घरी दर वर्षी हेच वडे, हीच खीर. त्या वर्षी भावजयीनं निरोप धाडला होता, "वन्सं, नवमीला या." मला रजा मिळाली नव्हती. म्हणजे नवमी आजच होती. वर पाहिलं तर मागच्या दारातून कौलांची कड दिसत होती आणि तिथं कावळे बसले होते. घास आधीच टाकून झाला होता.

मी सहज, जनरीत म्हणून विचारलं, "सासूबाई आहेव गेल्या होत्या का तुमच्या?"

गोजराबाई चुलीकडे वळली होती. तशीच थांबली.

"न्हाई," ती म्हणाली. "सासू माझ्यागतच हुती. कपाळ पांढरं घिऊन गेली."

"मग सासूची सासू?"

"ती माझ्या वक्ताला न्हवती. तिची कवा केली न्हाई आमी."

"जाऊबाई? नणंद?"

"मला जाऊ न्हाई. ननंद सातारला हाय, ठणठणीत."

चुलीतलं लाकूड तडतडलं.

"मावशी, मग ही नवमी कुणाची?"

ती माझ्यासमोर येऊन बसली. पाटावर नाही, नुसत्या जमिनीवर. तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. माझ्या पानाकडे पाहिलं.

"बाई, पानावरनं उठू नगा. पाया पडते. आदी समदं खावा, मग काय करायचं ती करा. ती दीड वरीस उपाशी हाय."

मी उठणार होते. खोटं कशाला सांगू? समोरची खीर कुणाच्या वाटणीची आहे हे कळल्यावर मी पाट मागे सरकवलाही होता. पण मी उठले असते तर ती गप्प झाली असती, आणि शालन पुन्हा उपाशी राहिली असती. यातलं पहिलं मला पोलीस म्हणून कळत होतं. दुसरं कशामुळे कळत होतं ते सांगता येत नाही. मी जेवले. भात, कढी, कारलं, सगळं. ती वाढत राहिली. "आनी एक वडा. तिला आवडायचं वडं. गरम असताना चुलीपाशीच उभी ऱ्हाऊन खायाची. मी वरडायची, आगं, नैवेद हुंदे."

"दर वर्षी करता ही नवमी?"

"गेल्या साली पितर आलं तवा वरीस झालं न्हवतं. वर्साच्या आत घालत न्हाईत, म्हनून सुटले. औंदा कुटं पळू? समदीकडं पानं मांडल्याली. दुसऱ्यांची समदी जेवत्यात आन आमची तेवढी दारात उभी."

"शेजारची सवाष्ण का नाही बोलावलीत?"

"इचारलं असतं की. गोजराक्का, तुमच्यात कोन आहेव गेलं? काय सांगू?" तिनं पदराच्या टोकानं जमीन पुसली, तिथं काही सांडलं नव्हतं. "सकाळधरनं रांधून बसले हुते. कुनाला बोलवावं ते कळंना. दारात तुमी दिसला. म्हनलं, ही सरकारी बाई. हिला तिथी काय ठावं?"

"तुम्हाला वाटलं, मला कळणार नाही."

"आदी तसंच वाटलं." मग म्हणाली, "पायावर पानी घालताना वाटलं, कळलं तरी चालंल."

मी शेवटचा घास घेतला. हात धुतले. तिनं माझ्या ओटीत तांदूळ, खण, नारळ घातला. एक हिरवं लुगडं पुढं केलं. नवं नव्हतं, पण घडी मोडलेली नव्हती.

"हे शालनचं?"

"दिवाळीला नेसनार हुती."

ते लुगडं हातात घेऊन मी विचारलं, "कुठे आहे ती?"

मग तिनं सांगितलं. जत्रेत शालन शेजारच्या बायकांबरोबर सिनेमाला गेली होती, सासूला विचारून. नवऱ्याला विचारलं नव्हतं. घरी आली तेव्हा हसत होती, सिनेमातली काहीतरी नक्कल करून सासूला दाखवत होती. हिंदुराव पिऊन आला होता. कुणासंगं हसत हुतीस, म्हणाला. तिनं उलट उत्तर दिलं. त्यानं ढकललं. उखळाच्या काठावर डोकं आदळलं. "आवाजबी झाला न्हाई, बाई. मला वाटलं, रुसून पडलीया." आवारातलं एक पेव तेव्हा रिकामं होतं. मायलेकांनी मिळून तिला त्यात ठेवलं, तोंड लिंपलं. तंबूही त्याच रात्री हलला होता; सकाळी ते कळलं आणि हिंदुरावला गोष्ट सुचली.

"तुम्ही का नाही बोललात?"

"एकुलता एक हाय." मग तिनंच विचारलं, "फाशी दितील का त्येला?"

"मला ठाऊक नाही, मावशी."

"खोटं तरी सांगायचंसा."

ती उठली, तिनं उष्टं पान उचललं आणि ओसरीवर बसलेल्या बाबरना म्हणाली, "दादा, आता तुमी जेवा." बाबर माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बाई, काय झालं?" मी त्यांना जेवू दिलं नाही. शेजाऱ्याची सायकल मागून घेऊन साहेबांकडे पिटाळलं. हिंदुरावला त्याच दुपारी सांगलीच्या बाजारात, हळदीच्या ढिगापाशी धरलं.

पेव दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. पंच होते, डॉक्टर होते. आवाराच्या कुंपणाबाहेर अख्खं गाव होतं. पेवाचं तोंड फोडलं की लगेच कुणी आत उतरत नाही; आतल्या कोंडलेल्या हवेनं माणूस मरतो. दोरीला कंदील बांधून आत सोडतात. तो विझला तर थांबायचं. कंदील विझला. पुन्हा लावून सोडला, पुन्हा विझला. सगळे नुसते उभे.

केरबांना मी निरोप धाडला नव्हता. स्वतः जाऊन सांगायचं ठरवलं होतं. पण बातमीला नदी माणसापेक्षा लवकर ओलांडता येते. ते आले आणि पेवापाशी, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. कंदील तिसऱ्यांदा आत गेला, आणि जळत राहिला. हमाल उतरला. खालून त्याचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण कळायचं ते कळलं.

"हाय?" केरबांनी मला विचारलं.

"आहे, केरबा."

त्यांनी डोक्याचा पटका काढून हातात धरला.

"बाई, दीड वरीस मी तुमच्या दारात बसलो. तोंडानं म्हनायचो, माझी लेक तसली न्हाई. मानसं ऐकायची. आन नावंत बसलो की नदीला म्हनायचो, तसली आसूदे. कुनासंगंबी जाऊदे. माझं नाक कापूदे, मंगलचं लगीन न्हाई झालं तर न्हाई. पर कुटंतरी भाकरी थापत बसल्याली आसूदे." त्यांचा आवाज चढला नाही. "तुमी म्हनलासा, सिनेमावाला एकलाच गावला. त्या दिशी मी नावंतच समजलो."

मला वाटत होतं, त्यांना लेकीचं नाव स्वच्छ करून हवं आहे. मी ते करून दिलं.

वाघचौरे साहेब पलीकडे उभे होते. त्यांनी टोपी काढली. तोंडात पान नव्हतं. मला म्हणाले, "विहीर उपसली मी, साळोखेबाई. ह्या मातीवर उभा राहून विहीर उपसली." कोर्टात त्यांनी हेच सांगितलं, काही न झाकता. पेवं फोडली नाहीत, व्यापारी ओरडतील म्हणून, असं स्वतःहून बोलले. त्यानंतर तीन-चार वर्षांत ते निवृत्त होऊन गावी गेले. शेवटपर्यंत दिवाळीला मला भेटायला यायचे.

हिंदुरावला फाशी झाली नाही, जन्मठेप झाली. सुटून आला तो गावात राहिला नाही. बेळगावकडे कुठल्याशा वीटभट्टीवर दिसला होता म्हणतात. मंगलचं लग्न पुढच्याच वर्षी मिरजेला झालं. तिला आता सुना आहेत. वनिताला केरबांनी नावेत घालून पैलतीरावर नेलं, वाढवलं, शिकवलं. ती नर्स झाली. अधूनमधून तिचा फोन येतो. एकदा म्हणाली, "आजी, आई दिसायला कशी होती हो?" घरात एकही फोटो नव्हता. मी म्हटलं, "मी तिला कधी पाहिलं नाही गं." मग जे गोजराबाईनं सांगितलं होतं तेच सांगितलं, की नकला करायची, आणि नैवेद्याआधी वडे खायची. वनिता फोनवर खूप हसली.

गोजराबाई मुलाच्या विरुद्ध साक्षीला उभी राहिली. न्यायाधीश म्हणाले, म्हातारे, बसून बोल. ती बसली नाही. नवमीच्या पानापर्यंत सगळं उभ्यानंच सांगितलं; केरबा मागच्या बाकावर बसून ऐकत होते. प्रेत लपवल्याची शिक्षा तिलाही झाली. ती भोगून परत आली तेव्हा गावानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. काहींच्या मते तिनं सून खाल्ली होती, काहींच्या मते मुलगा. पेवांत कुणी हळद ठेवेना. ती एकटीच राहिली आणि मुलगा तुरुंगात असतानाच गेली. तेव्हा माझी बदली नाशिकला झाली होती. बाबर हवालदारांनी नंतर कधीतरी सगळं सांगितलं. तिरडी बांधायला चार माणसं कशीबशी मिळाली. पण अग्नी कोण देणार यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. भावकीतला एकही पुढं होईना. तेवढ्यात नावेतून केरबा आले. कुणाला काही न विचारता त्यांनी मडकं खांद्यावर घेतलं.

बाबर त्यांना म्हणाले, "केरबा, अरं तुज्या लेकीला पेवात घालताना हिनं हात लावला हुता."

"म्हाईत हाय."

"मग?"

"माझ्या पोरीला जेवू घातलं न्हवं तिनं," केरबा म्हणाले, आणि चितेभोवती फिरायला लागले.